कागदावरचे अकरा

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'सर' म्हटलं ते उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, शहाड फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. म्हणणारा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता आणि त्याच्या खांद्यावर चाळीस किलोचा बॉक्स होता. 'सर, बाजूला व्हा,' असं तो म्हणाला. मी त्यातलं 'सर' तेवढं ऐकलं आणि बाजूला व्हायचं राहून गेलं. बॉक्सचा कोपरा खाडकन माझ्या दंडाला लागला. पुढची दोन वर्षं मी तिथे जे केलं ते बरंचसं याच जातीचं होतं.

साल २०१९, फेब्रुवारी. त्याआधी सव्वा वर्ष भिवंडीच्या एका गोदामात मी स्वतः लोडर होतो. बारावी पास, स्कॅनर वापरता येतो, इंग्रजी मेल अडखळत का होईना वाचता येतो, एवढ्या भांडवलावर एका कुरिअर कंपनीने मला सुपरवायझर केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण इथे खातं माझं उघडलंय.

वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. गाव पाटण तालुक्यात. आमच्या घरात १९६९ हे साल शाळेत न शिकताही पाठ होतं, कारण त्या वर्षी माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्याचे, त्यांनी हमालांना एकत्र केलं, मग बोर्ड आलं, बोर्डात नोंद आली, मजुरी बोर्डामार्फत येऊ लागली, फंड आला, ग्रॅच्युइटी आली. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी, पण वडिलांच्या तोंडी तो शब्द एखाद्या पदवीसारखा यायचा. मी सुपरवायझर झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं, "हाताखाली किती जण?"

"अठरा."

"त्यातल्या किती जणांची कंबर गेलेली आहे?"

मी हसलो. म्हटलं, नाना, आता तसं काम राहिलं नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं. ते म्हणाले, "उचलतो कोण, कॉम्प्युटर?" आणि पेपर वाचायला लागले. त्यांच्या टोळीचा मुकादम आधी स्वतः गोणी पाठीवर घ्यायचा आणि मग दुसऱ्याला सांगायचा. माझ्या नेमणुकीच्या पत्रात उचलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि मला त्याचाच आनंद झाला होता.

काम असं होतं. पहाटे पाचला भिवंडीहून गाडी यायची. त्यातला माल उतरवून, पिनकोडप्रमाणे लावून, डिलिव्हरीच्या पोरांना द्यायचा आणि अंबरनाथ-बदलापूरचा माल एका चारशे सातमध्ये भरून पुढे पाठवायचा. संध्याकाळी उलटी गंगा. कॅम्प ५ ची जीन्स, कॅम्प २ चे तयार कपडे, फर्निचरवाल्यांचं हार्डवेअर, मोबाईलची कव्हरं, फरसाण, असा सगळा माल गोळा होऊन सतरा फुटी आयशरमध्ये भरायचा आणि रात्री नऊच्या आत गाडी भिवंडीकडे सोडायची. नऊ म्हणजे नऊ. शहाडचा पूल, मग कल्याण, मग दुर्गाडीचा पूल, मग कोनगाव. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी वाहतूक तुंबली की भिवंडीहून पुढे नागपूरला, इंदूरला जाणाऱ्या मोठ्या गाड्या चुकायच्या. मग दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन यायचा. त्या फोनवर बोलणाऱ्या माणसाने आमचं गोडाऊन कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या समोरच्या पडद्यावर माझी शाखा लाल दिसायची.

वैताग खराच होता, ते नाकारत नाही. ठेकेदार आज जी माणसं देई त्यातली चार परवा दिसायची नाहीत. कुणाच्या गावची जत्रा, कुणाची सोयरीक, कुणाला दुसऱ्या गोडाऊनमध्ये रोजामागे वीस रुपये जास्त. व्यापारी आठ पन्नासला हातगाडी घेऊन दारात. "साईं, बस दो मिनिट!" त्या दोन मिनिटांत सत्तर बॉक्स, त्यातल्या निम्म्यांवर लेबल नाही. रबरी बुटांचा वास, फरसाणाच्या तेलाचे डाग, पंखा एकच आणि तोही माझ्या टेबलावर. पंखा माझ्या टेबलावर होता हे लिहिताना आज थोडं थांबावं लागलं.

गाडी भरणं ही विद्या आहे. मी ती भिवंडीत खांद्याने शिकलो आणि कॅम्प एकला टेबलावर बसून विसरलो. जड खाली, हलकं वर, हे कुणालाही कळतं. पण जे शेवटी उतरायचं ते सगळ्यात आधी आत जायला हवं. गवंडी विटांची सांधमोड करतो तसे वरच्या थरातले बॉक्स खालच्या दोन बॉक्सांच्या सांध्यावर बसायला हवेत, नाहीतर सगळी थप्पी एका रेषेत फाटते. डावीकडे आणि उजवीकडे वजन सारखं हवं. पोकळी राहिली की ड्रायव्हरने ब्रेक मारताच वरचा माल त्यात कोसळतो. शिवाय वजनाचे हिशोब दोन. काट्यावरचं एक, आणि लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागलेलं दुसरं. फोमच्या गाद्या आणि लोखंडी बिजागऱ्या एकाच गाडीत आल्या की गादी जागा खाते आणि बिजागरी पाटे बसवते. दोन्ही पाहून हौदा भरणारा माणूस तुम्हाला ठेकेदार कितीही पैसे घेऊन आणून देऊ शकत नाही. तो आधीपासून तिथे असावा लागतो. आमच्याकडे तो होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी मला बाजूला व्हायला सांगणारा तोच.

जुलैच्या सुरुवातीला एकदा भिवंडीची गाडी पाचऐवजी सात दहाला लागली. बाहेर पाऊस. अंबरनाथ-बदलापूरचा माल आठच्या आत सुटला पाहिजे म्हणून मी ओरडलो, "जे हाताला येईल ते भरा!" नियमाने बदलापूरचा माल आत आणि अंबरनाथचा दारात, फाळक्याजवळ, हवा होता. मामा म्हणाले, "सर, अंबरनाथ मागं ठेवू, बदलापूर आधी घेऊ. दहा मिन्टं जातील."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही माल भरा. डोकं मी चालवतो."

आजूबाजूला सात-आठ पोरं होती. मामा काही बोलले नाहीत. गाडी सात पन्नासला सुटली, मी तसा मेसेजही टाकला. अंबरनाथच्या शाखेसमोर ड्रायव्हरला आणि तिथल्या दोन पोरांना बदलापूरचे पावणेदोनशे बॉक्स रस्त्यावर उतरवावे लागले, आतला अंबरनाथचा माल काढावा लागला आणि मग ते पुन्हा चढवावे लागले. ताडपत्री एकच, तीही फाटकी. तेवीस बॉक्स भिजले. एकात शाळेची पुस्तकं होती, त्यांचा लगदा झाला. इथे वाचवलेली दहा मिनिटं तिथे पावणेदोन तास झाली. अहवालात मी लिहिलं, 'अतिवृष्टीमुळे विलंब व नुकसान.' त्या पावसाळ्यात माझ्या नावावरचं बरंच काही पावसाने घेतलं.

दुसरी गोष्ट पिनकोडची. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यात अधिकारी, आणि संस्कृतात कविता करणारे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर तेही पोरांवर फेकलं असतं. पिनकोडवर माझी श्रद्धा आंधळी होती. कॅम्प १ म्हणजे ४२१००१, कॅम्प ५ म्हणजे ४२१००५, अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३. आता घाईत डोळे बारीक करून ४२१००५ आणि ४२१५०१ पाहा. एका शून्याच्या जागी पाच आणि शेवटच्या पाचाच्या जागी एक, बस. टाइप करणाऱ्याचं बोट चुकलं की कॅम्प पाचचा माल अंबरनाथला जातो.

त्यात उल्हासनगरचा पत्ता म्हणजे इतिहासाचा पेपर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिला उल्हासनगर हे नाव दिलं. बराकी बहुतेक गेल्या, जागी चार-पाच मजली इमारती आल्या, पण पत्त्यात बराक नंबर, रूम नंबर, सेक्शन हे सगळं अजून आहे. रस्त्याचं नाव कुणी लिहीत नाही. 'सतरा सेक्शन', 'लालचक्की', 'गोल मैदानाच्या मागे', झालं.

एकदा सहा बॉक्स पट्ट्यावर आले, पिन ४२१५०१. मामांनी ते अंबरनाथच्या ढिगातून उचलून उल्हासनगरच्या ढिगात टाकले. मी विचारलं, का? म्हणाले, "हा लालचक्कीच्या शेठचा परत आलेला माल. पट्टी बघा ना, तो खाकी पट्टी दोनदा गुंडाळतो आणि कोपरा दुमडतो." मामांना वाचता जेमतेम यायचं. मी लेबल त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला, लहान पोराला वाचून दाखवतात तसा. बॉक्स अंबरनाथला गेले. चार दिवसांनी परत आले. माल लालचक्कीचाच होता. पत्त्याच्या ओळीत बराक नंबर स्वच्छ छापलेला होता, पण मी तेवढं खाली वाचलंच नव्हतं.

मामांनी तेव्हाही काही म्हटलं नाही. त्यांनी काही म्हणावं अशी सोयच मी ठेवली नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

अडुसष्ट किलोच्या पेटीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला अजून जड जातं. फर्निचर मार्केटातून दारांच्या बिजागऱ्यांची पेटी आली होती. दुसरा माणूस चहाला गेला होता. मी तिथल्या एका तिशीतल्या लोडरला म्हटलं, "एकटा उचल की, एवढं काय?" त्याने उचलली. फाळक्यापर्यंत नेली आणि तिथे त्याच्या कंबरेत उसण भरली. अकरा दिवस तो घरी होता. ठेकेदाराच्या माणसाला घरी बसल्याचा रोज मिळत नाही. पुढे कधीतरी वाचलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुषाने एकट्याने उचलायची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. पण मला ते वाचायची गरज काय होती? माझ्या घरात, पलंगावर, उठताना भिंत धरणारा माणूस होता.

आणि मग सत्तावीस जुलै. आदल्या रात्री उल्हास नदीला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढले, देशभर टीव्हीवर दाखवलं. मी राहतो बदलापूरला. रोजचा माझा रस्ता कर्जत लाईनने उल्हासनगर स्टेशन आणि तिथून शेअर रिक्षा. त्या दिवशी लोकल बंद, रस्ता बंद, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. फोनला धड रेंज नाही. मी गच्चीवर उभा राहून गोडाऊनमधल्या मालाचा विचार करत होतो. खरं सांगायचं तर मालाचा नाही, साडेदहाच्या फोनचा.

शहाडकडे राहणारे पाच जण आणि मामा पहाटेच गोडाऊनवर पोचले होते. गटाराचं पाणी दारातून आत येत होतं. त्यांनी खालचे दोन थर काढून लाकडी पॅलेटवर चढवले, पॅलेट संपल्यावर माझं टेबल आणि दोन बाकडी घेतली, कागदी माल वर, प्लॅस्टिकचा खाली. दुपारी मला मामांचा फोन लागला. "माल कोरडा आहे सर, काळजी नको. तुमचा पंखा पण वर बांधलाय." चौदाशे पार्सलांपैकी नऊ भिजली.

वरून कौतुकाचा मेल आला. विचारलं होतं, नियोजन कसं केलं? मी उत्तर लिहिलं: 'फोनवरून दिलेल्या सूचनांनुसार टीमने कार्यवाही केली.' त्या वाक्यावर मला एक सर्टिफिकेट आणि दोन हजारांचं कूपन मिळालं. कूपनातून मी घरी मिक्सर घेतला. मिक्सर अजून चालतो.

एवढं सगळं सांगितलं ते एका गोष्टीपर्यंत यायचं होतं म्हणून. अजून लांबवता आलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यात दोन शब्द दिवसाकाठी शंभरदा येतात. शॉर्ट आणि एक्सेस. यादीत आहे पण गाडीत नाही तो शॉर्ट. गाडीत आहे पण यादीत नाही तो एक्सेस. शॉर्ट म्हणजे भानगड, चौकशी, वजावट. एक्सेसची कुणी फारशी फिकीर करत नाही. वहीत नोंद होते, कोपऱ्यात पडून राहतो, लेबल सापडलं तर जातो.

दिवाळीआधीचा आठवडा. रोज साडेआठशे बॉक्स जायचे तिथे चौदाशे. एका संध्याकाळी नऊला सात मिनिटं कमी असताना पडद्यावर दाखवत होतं: अकरा बाकी. यादीतली अकरा पार्सलं गाडीत स्कॅन झालेली नाहीत. बहुधा ती गाडीतच होती, घाईत कुणीतरी स्कॅन न करता चढवलेली. बहुधा. शोधायचं तर निम्मी आयशर रिकामी करावी लागणार. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला.

व्यापारी माल देतो तेव्हा सोबत छापील यादी देतो. त्यावर प्रत्येक पार्सलचा बारकोड असतो. स्कॅनरला कागद आणि बॉक्स यातला फरक कळत नाही. त्याला काळ्या-पांढऱ्या रेघा कळतात. मी स्कॅनर घेतला, फाळक्याआड पाठ करून उभा राहिलो आणि कागदावरून अकरा बारकोड मारले. टिक, टिक, टिक. पडदा हिरवा झाला. दार ओढलं, सील मारलं, गाडी आठ अठ्ठावन्नला सुटली. या प्रकाराला बाहेरच्या जगात काय म्हणतील ते म्हणोत, आम्ही 'कागद मारणे' म्हणायचो. सगळीकडे चालतं असं आम्ही एकमेकांना सांगायचो. कुठे कुठे चालतं ते मला माहीत नाही. माझ्याकडे चाललं.

भिवंडीला दहा सापडली. एक शॉर्ट. कॅम्प पाचच्या व्यापाऱ्याचा बॉक्स, आठ जीन्स, घाऊक भावाने चारशेला एक. बत्तीसशे रुपये.

यंत्राच्या हिशोबाने बॉक्स कॅम्प एकला गाडीत चढला होता आणि भिवंडीला उतरला नव्हता. म्हणजे वाटेत किंवा चढवताना गेला. सीसीटीव्ही पाहायचं ठरलं. चित्रीकरणात दिसलं की आठ सत्तेचाळीसला आमचा एक पोरगा, वय वीस-एकवीस, कानात बाळी, अंबरनाथहून येणारा, फाळक्यापाशी आलेला एक बॉक्स उचलून उलट आत नेतो आहे. गाडीत नाही, गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्याकडे. तिथे कॅमेरा पोचत नव्हता. परत आला तेव्हा हात रिकामे.

त्याला बोलावलं. मी, ठेकेदाराचा माणूस आणि ठाण्याहून आलेले एक साहेब. तो म्हणाला, "लेबल फाटलं होतं साहेब. म्हणून बाजूला ठेवला, नवीन लेबलसाठी. मी सरांना सांगितलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

त्या क्षणी ते खरं होतं. त्या संध्याकाळी मला शंभर जणांनी शंभर गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी सगळ्यांना 'हो, हो' म्हटलं होतं. पण त्याच रात्री, उल्हासनगर सुटल्यावर गाडी अंबरनाथमध्ये शिरताना, मला त्याचा आवाज आठवला. 'सर, लेबल फाटलंय, मागं ठेवतो.' आणि माझा 'हो, हो'सुद्धा. मी दाराशी उभा होतो. उतरून परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढं सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला होता: बॉक्स मागे ठेवलेला होता, तर तो गाडीत स्कॅन कसा झाला?

अहवाल मीच लिहिला. 'हाताळणीतील निष्काळजीपणा.' चोरी लिहिलं नाही, आणि त्या वेळी मला वाटलं की मी त्याच्यावर उपकारच करतोय. त्याच्या पगारातून दोन हप्त्यांत बत्तीसशे कापले. दिवाळीच्या महिन्यात सोळाशे, पुढच्या महिन्यात सोळाशे. त्याचा पगार हातात साडेदहा हजारांच्या आसपास यायचा.

नवव्या दिवशी मामांनी मोडक्या पॅलेटच्या मागून एक बॉक्स काढला. उंदरांनी एक कोपरा कुरतडलेला, लेबलाचा वरचा अर्धा भाग गेलेला. खाली शेवटचे चार आकडे शिल्लक होते. मामांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि नुसते उभे राहिले.

मी म्हटलं, "एक्सेसमध्ये टाका."

ते म्हणाले, "सर, हा त्या पोराचा आहे ना?"

"कुणाचा ते लेबल लागल्यावर कळेल. एक्सेसमध्ये टाका."

वहीत नोंद मी माझ्या हाताने केली. 'अनोळखी माल, नग एक, कापड.' व्यापाऱ्याला भरपाई केव्हाच देऊन झाली होती. म्हणजे आता जीन्सही कंपनीकडे आणि बत्तीसशेही. शॉर्ट त्या पोराच्या खात्यात आणि एक्सेस आमच्या. जानेवारीत तो पोरगा काम सोडून गेला. मामा त्यानंतरही माझ्याशी नीट बोलायचे, फक्त 'सर' म्हणायचे बंद झाले. 'अहो' म्हणायचे.

मी २०२१ च्या सुरुवातीला नोकरी सोडली. हाकललं नाही कुणी. कागद मारल्याचं कधी उघड झालं नाही. बदलापुरात एका हार्डवेअरच्या दुकानात आता मालाचा हिशोब बघतो. माणसं तीन, त्यातला उचलणारा मीही एक. वडिलांना मी त्या बॉक्सबद्दल सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले, आणि त्यांना सांगितलं नाही ही आणखी एक गोष्ट झाली.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटातून प्लायवूड आणायचं होतं. नेहमीचा टेम्पोवाला गावाला गेलेला. व्यापाऱ्याने एक छोटा हत्ती बोलावून दिला. गाडी मागे घेत ड्रायव्हर उतरला आणि मी त्याला कानातल्या बाळीवरून ओळखलं. त्याने मला ओळखायला एक क्षणही घेतला नाही.

"नमस्कार सर."

गाडी त्याची स्वतःची होती, हप्त्यांवर. आम्ही दोघांनी मिळून प्लाय चढवलं. मी एका कडेने धरलं तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या, मी घेतो." मी म्हटलं, नको. जड शीट खाली, पातळ वर, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, दोर दोन्ही बाजूंनी सारखा ताणलेला. मामांचाच हात. मामांचं विचारलं तर म्हणाला, गावी असतात, गुडघे गेलेत.

वाटेत अंबरनाथच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी सुरुवात केली. तो बॉक्स सापडला होता, म्हटलं. नवव्या दिवशी.

"माहितीय. मामा घरी येऊन सांगून गेले."

मग मी कागदाचं सांगायला तोंड उघडलं. तो समोर बघत म्हणाला, "अकरा मारले होते तुम्ही. मी गाडीतच होतो सर, वरच्या थरावर, दोर बांधत होतो. टिक टिक ऐकू येत होतं. बॉक्स तर एकही येत नव्हता."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"कुणाला?" तो म्हणाला. "तक्रार तर तुमच्याकडेच द्यायची होती."

सिग्नल सुटला. बदलापूर येईपर्यंत आम्ही प्लायवूडच्या भावाबद्दल बोललो. दुकानाशी माल उतरवून झाल्यावर मी भाड्याचे पैसे दिले आणि मग आत जाऊन वेगळे आणले. साडेतीन हजार, पाचशेच्या सात नोटा. घरखर्चाचे होते, घडी तशीच होती. म्हटलं, हे त्या वेळचे.

तो नको म्हणाला नाही. नोटा घेतल्या, अंगठा ओला करून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. मग शर्टाच्या खिशातून भाड्यातलीच शंभराची तीन पानं काढून माझ्या हातावर ठेवली.

"तीनशे एक्सेस आहेत सर," म्हणाला आणि फाळका लावायला मागे गेला.